दोर कुणी बांधायचा?

धक्क्याच्या टोकाला, पिवळ्या विमानाच्या पंखाखालून दोन रबरी बूट बाहेर आले होते. बुटांत पाय होते. म्हणजे पुढे कुठेतरी माणूसही असणार, असा सिग्नेनं अंदाज बांधला.

पाऊस पडत होता. त्या वर्षी मार्टन बे या खाडीकाठच्या गावात पाऊस एकदाच पडला — मे महिन्यात सुरू झाला आणि सप्टेंबरात थांबला. सिग्ने हाउगेन सकाळच्या बोटीतून नुकतीच उतरली होती. अकरा वर्षं मोठ्या शहरातल्या इस्पितळात उभं राहून राहून तिचे पाय असे झाले होते, की बसल्यावरही ते उभेच आहेत असं वाटायचं.

"अहो," ती म्हणाली, "हे माझ्या बाबांचं विमान आहे."

"मग पंप तुम्हीच मारा," बूट म्हणाले.

ती वाकली. पाण्यावर उतरणाऱ्या विमानाच्या पायात चाकांऐवजी दोन लांब पोकळ होड्या असतात. त्यांच्या कप्प्यांत थोडं थोडं पाणी झिरपतं आणि रोज सकाळी ते हातपंपानं उपसावं लागतं. हा माणूस उपसता उपसता त्याच होडीवर आडवा झाला होता. गाल ओल्या पत्र्याला चिकटलेला, पंपाची मूठ अजून हातात. त्यानं एक डोळा उघडला. काळाभोर डोळा, आणि इतका थकलेला, की तो उघडायला दुसऱ्या डोळ्याची मदत घ्यावी लागली असावी.

"तुम्ही हाल्वरची मुलगी," तो म्हणाला.

"कशावरून?"

"उपकार केल्यासारख्या उभ्या आहात. म्हातारा पण अस्साच उभा राहतो."

सिग्नेला राग यायला हवा होता. पण रागावायलाही अंगात थोडी ताकद लागते. ती तिथेच ओल्या फळ्यांवर बसली, त्याच्या हातातला पंप घेतला आणि मारू लागली.

"किती झाले?" तिनं विचारलं.

"बावीस… का बहात्तर… तुम्ही पहिल्यापासून धरा," असं म्हणून त्यानं तो डोळाही मिटला.

त्याचं नाव वेंडेल. पावसाच्या त्या गावात विमान चालवणारे तिघं होते. एकाचं लग्न झालं, एकाला मिशनरी व्हायचं सुचलं, आणि उरलेलं सगळं आकाश वेंडेलच्या गळ्यात पडलं. टपाल तोच न्यायचा, शिकारी तोच न्यायचा, बाळंतीणही तोच आणायचा. तो उभ्या उभ्या झोपायचा. एकदा बोलता बोलता झोपला आणि उरलेलं वाक्य त्यानं दुसऱ्या दिवशी पूर्ण केलं. ऐकणारा बिचारा तिथेच थांबला होता असं सांगतात.

आणि दर मंगळवारी तो हाल्वर हाउगेनचं सामान पोचवायचा. हाल्वर, म्हणजे सिग्नेचे वडील, डोंगरामागच्या ओल्गा तळ्याकाठी एकटे राहत. तिथं रस्ता नाही, पाऊलवाट नाही. पाण्यावर उतरायचं एवढाच मार्ग. म्हाताऱ्याची नजर अधू झाली आणि त्याचं विमान धक्क्याला बांधलेलं राहिलं, तेव्हा वेंडेलनं शब्द दिला होता — दुसरं कुणी मिळेपर्यंत मी येत जाईन. त्याला दोन वर्षं झाली. दुसरं कुणी मिळालं नव्हतं.

"तुम्हाला विमान येतं म्हणे," पंप मारून झाल्यावर त्यानं सिग्नेला विचारलं.

"जमिनीवरचं. बाबांनी शिकवलं होतं, सतराव्या वर्षी."

"मग पाण्यावरचं आठ दिवसांत येईल. मी शिकवतो." तो पहिल्यांदाच नीट उठून बसला. गालावर पत्र्याच्या खिळ्यांची रांग उमटलेली. "म्हातारा तुमच्या ताब्यात आला की मी सुटलो. माझा भाऊ ॲरिझोनात आहे. वाळवंट! पाणी म्हणून नळाला येतं तेवढंच. नऊ ते पाच काम, आणि नंतर माणसं झोपतात. रोज!"

हे 'रोज' त्यानं असं उच्चारलं, की सिग्नेनं हातातली पंपाची मूठ खाली ठेवली. झोपेवर कुणी इतकं प्रेम करताना तिनं पाहिलं नव्हतं.

तिनं मासे डबाबंद करण्याच्या कारखान्यात नोकरी धरली. पहाटे चारपासून सॅमन साफ करायचे. पहिल्याच आठवड्यात हात इतके सरावले, की एका सकाळी तिला जाग आली तेव्हा उशी पोट फाडून, पिसं बाजूला काढून, नीट धुऊन ठेवलेली होती. दुपारी कारखाना सुटला की अंगाला माशांचा वास घेऊन ती धक्क्यावर यायची. दिवसभर उडून आलेला वेंडेल तिथं असायचाच. पहिले दोन दिवस 'अहो-जाहो' चाललं. तिसऱ्या दिवशी दोघांनाही तेवढे जास्तीचे शब्द बोलायचा कंटाळा आला आणि दोघंही 'तू'वर आली.

"या विमानाला ब्रेक नाही," तो शिकवायचा. "इंजिन लागलं की चाललं. थांब म्हटलं तर थांबत नाही."

"तुझ्यासारखं."

"माझ्यासारखं कसं? मी तर कायम थांबायच्या बेतात असतो. हं, सुकाणू वर घे."

या सुकाणूकडे जरा लक्ष द्या. होड्यांच्या शेपटाला पाण्यात वळण्यासाठी छोटी सुकाणं असतात. उडण्याआधी मूठ ओढून ती वर उचलायची. नाही उचलली तर विमान उडायचं ते उडतंच, पण मागे पाण्यात फटफट असा आवाज होतो आणि धक्क्यावरच्या सगळ्यांना कळतं, की नवशिका चाललाय.

आठव्या दिवशी सिग्नेला सगळं येत होतं. वाऱ्याकडे नाक धरणं, वेग येताच विमान पाण्यावर चढवणं, धक्क्याला असं टेकवणं की कपातली कॉफी हलू नये. नवव्या दिवशी वेंडेल परीक्षेसाठी सही करणार होता. पण आठव्या दिवशीच उतरल्यावर ती दोरी बांधून परत आली, तर तो आपल्या जागेवर झोपलेला. हवेत तो कधी डोळा मिटायचा नाही. पण विमान एकदा बांधलं, की संपलं. तिनं त्याच्या मांडीवरचा थर्मास उचलला. झोपेतच त्यानं तिच्या जाकिटाची बाही धरली. घट्ट नाही… पडू नये म्हणून माणूस कठडा धरतो ना, तशी.

अर्धा तास ती तशीच वाकून उभी राहिली. कंबर मोडली, पण बाही सोडवून घेतली नाही.

दुसऱ्या दिवशी तिनं सुकाणू वर घेतलं नाही.

फटफट-फटफट करत विमान उडालं. वेंडेलनं तिच्याकडे पाहिलं, खिडकीबाहेर पाहिलं, आणि सावकाश म्हणाला, "अजून… कच्चं आहे तर."

"हो ना," सिग्ने म्हणाली. "विसरतेच बाई मी."

आठ दिवसांच्या शिक्षणाचे असे साडेतीन महिने झाले. दर दिवशी एक फटफट. धक्क्यावर तेल आणि कॉफी विकणारी लुसिंग मावशी पदर नसताना पदराला हात पुसल्यासारखे हात पुसत ओरडायची, "सिग्ने, पोरी, माझ्या कुत्र्याला यायला लागलं गं आता! काल त्यानं सुकाणू वर घेतलं!"

वेंडेलही काही कमी नव्हता. सुकाणू राहू दे, पण तिच्या 'आरशाच्या पाण्या'चं काय, असं तो म्हणायचा. तळ्यावर एक लहर नसली की पाणी आरसा होतं. वर आकाश, खालीही आकाश, आणि पाणी नेमकं कुठं सुरू होतं ते कळत नाही. तिथं नजरेवर भरवसा ठेवायचा नाही. नाक किंचित वर धरायचं, हळूहळू उतरत राहायचं आणि वाट पाहायची. "ते आल्याशिवाय मी सही करणार नाही," वेंडेल सांगायचा. "पाऊस थांबला की शिकवतो."

पाऊस थांबायचं नाव घेत नव्हता. दोघंही रोज आभाळाकडे बघायचे आणि "काय हा पाऊस!" म्हणून चरफडायचे, आणि खुशीत कॉफी प्यायचे.

सप्टेंबरातल्या एका रविवारी पाऊस थांबला.

त्यातच परीक्षकाचा निरोप आला — सोमवारी दहाला येतोय, या वर्षातली ही शेवटची फेरी. त्यानंतर थंडी पडणार, विमानांना होड्यांऐवजी बर्फावर घसरणाऱ्या पट्ट्या लावणार, परीक्षा वसंतापर्यंत बंद. सिग्ने सोमवारी पास झाली तर मंगळवारचं सामान ती नेईल आणि वेंडेल ॲरिझोनाला जाईल. नापास झाली तर बर्फ पडायच्या आत म्हाताऱ्याला तळ्यावरून उचलून गावात आणावं लागेल, कारण वेंडेलच्या अंगात आणखी एक हिवाळा उरला नव्हता हे आंधळ्यालाही दिसत होतं. पास झाली तर तो जाणार. नापास झाली तर बाबा खचणार. कारखान्यात त्या सकाळी सिग्नेनं चारशे मासे साफ केले आणि एकाचंही तोंड तिला दिसलं नाही.

आरशाच्या पाण्यासाठी दुपारी दोघं केटल तळ्याकडे निघाली. "आज तू पायलट," वेंडेल म्हणाला. "मी नुसता प्रवासी. बोटसुद्धा हलवणार नाही."

ती इतकी दमलेली होती, की चूक करायचं विसरली. निघताना हात आपोआप गेला आणि सुकाणू वर आलं. फटफट झाली नाही. धक्क्यावर लुसिंग मावशीच्या हातातली किटली तशीच राहिली.

केटल तळं आरसा झालं होतं. डोंगर उलटे, ढग उलटे. सिग्नेनं नाक किंचित वर धरलं आणि वाट पाहिली… आणखी पाहिली… आणि होड्या पाण्याला कधी टेकल्या ते त्या पाण्यालाही कळलं नाही.

  तिनं वाळूला शेपूट टेकवून विमान उभं केलं. ती डावीकडून उतरली, तो उजवीकडून. दोघं एका ओंडक्याला टेकून बसली. मध्ये कडक बिस्किटं, धुरी दिलेल्या सॅमनचे तुकडे, थर्मास.

"छान उतरलीस," बिस्किट मोडत तो म्हणाला. कुणाच्या मयताला आल्यासारखा त्याचा आवाज होता.

"हं."

"उद्या तो परीक्षक… बरा माणूस आहे."

"हं."

"सिग्ने, मला तुला—" आणि वाक्य तिथंच राहिलं. तिनं मान वळवली. तो झोपला होता. तिला हसू आलं, मग रडू आलं, आणि दोन्ही पुरतं यायच्या आत तीही झोपली.

जाग आली ती थंड वाऱ्यानं. समोर तळं होतं. तळ्याच्या मधोमध, नाक वाऱ्याकडे करून, पिवळं विमान एकटंच फिरायला निघालं होतं.

"वेंडेल!"

"…की परीक्षेला घाबरू नकोस," वेंडेल झोपेतून वाक्य पुरं करत उठला. मग त्यानं पाहिलं. "दोर?"

"तू बांधला नाहीस?"

"मी? मी प्रवासी होतो!"

"मग प्रवाशानंच बांधायचा असतो! झाड तुझ्या बाजूला होतं. ज्याच्या बाजूला झाड, त्याचा दोर. बाबा नेहमी सांगतात."

"आमच्याकडे ज्याच्या हातात विमान, त्याचा दोर! सगळा किनारा असंच करतो. तुझा बाप एकटाच उलटा!"

"माझ्या बापाला काही बोलायचं नाही!"

"दोन वर्षं त्याचे बटाटे वाहतोय मी. बोलणार!"

पाणी इतकं गार, की पोहायला गेलेला माणूस मध्यावर पोचायच्या आत लाकूड होईल. वारा विमानाला पलीकडच्या काठाकडे नेत होता. तिथं बोरूचं रान होतं, खडकही होते. तळ्याला वळसा घालून चालत जाणं एवढंच हातात होतं; दलदल, काटेरी झुडपं आणि अस्वलाच्या वाटा, असं तीन तासांचं चालणं.

दोघं निघाली. पायात शिशाचे गोळे. पहिला अर्धा तास दोघांना नुसती धापच लागली होती. मग सिग्नेचा बूट चिखलात रुतला, पाय तेवढा बाहेर आला, आणि एका पायावर उभ्या उभ्या ती ओरडली, "झालं ना मनासारखं? उद्या विमान नाही, परीक्षा नाही!"

"माझ्या मनासारखं?" वेंडेल चिखलात कोपरापर्यंत हात घालून बूट ओढत होता. "साडेतीन महिने सुकाणू खाली कोण ठेवतंय? मी काय आंधळा आहे?"



"तुला… कळत होतं?" तिनं विचारलं.

"अकराव्या दिवसापासून. आवाज होण्याच्या आधीच तुझे कान लाल व्हायचे."

"मग बोलला का नाहीस?"

बूट फसकन् वर आला. वेंडेल तो हातात धरून तसाच गुडघ्यावर बसून राहिला, चिखलानं माखलेला. "बोललो असतो," तो म्हणाला, "तर तू सुकाणू वर घेतलं असतंस."

सिग्नेनं तोल जाऊ नये म्हणून त्याच्या खांद्यावर हात ठेवला. तोल गेला नव्हता, पण ठेवला. त्यानं तिचा पाय आपल्या मांडीवर घेतला, ओला मोजा पिळला, परत चढवला, बूट घातला. इस्पितळात अकरा वर्षं तिनं दुसऱ्यांचे पाय पुसले होते. तिचे कुणी कधी पुसले नव्हते.

"ॲरिझोनाला जाऊ नकोस" हे वाक्य तिच्या ओठांपर्यंत आलं. पण समोर तो डोळा होता, पहिल्या दिवसाचा, उघडायला मदत लागणारा. या माणसाला सगळ्यांनीच थांब म्हटलं होतं. गावानं, टपालानं, तिच्या बापानं.

"ऐक," ती म्हणाली. "उद्या विमान धड असलं तर मी सुकाणू वर घेणार. पास होणार. मंगळवारचं सामान माझं. बाबांना दिलेला तुझा शब्द उद्या संपला. मग तू मोकळा. मोकळा झाल्यावर कुठं जायचं ते तुझं तू ठरव. मी विचारणार नाही."

"अगदीच नाही विचारणार?"

"नाही."

"एकदासुद्धा?"

"चल, अंधार पडेल."

विमान बोरूत अलगद शिरून उभं होतं. एक ओरखडा नव्हता. या वेळी दोघांनी दोन दोर बांधले, विमान तपासून झालं, आणि दोघांनीच सोडले.

सोमवारी परीक्षक आला. ठेंगणा, सर्दी झालेला माणूस होता. वेंडेलनं तिच्या वहीत सही केली. सही करताना पेन दोनदा थांबलं. सिग्नेनं सुकाणू वर घेतलं, वाऱ्याकडे नाक धरलं, उडाली, उतरली, आणि धक्क्याला टेकवण्याआधी परीक्षकाला म्हणाली, "साहेब, खुंटा तुमच्या बाजूला आहे. दोर तुम्ही बांधायचा."

परीक्षकानं मुकाट्यानं बांधला. "तीस वर्षांत पहिल्यांदा कुणी मला काम सांगितलं," तो नाक पुसत म्हणाला आणि पास लिहून दिलं. लुसिंग मावशीनं सगळ्या गावाला फुकट कॉफी पाजली. तिचा कुत्राही हजर होता.

मंगळवारी सकाळी सिग्ने लवकर आली. पंप मारला. पीठ, बटाटे, रॉकेल, बाबांच्या भिंगाच्या काचा, सगळं वजन करून चढवलं. दक्षिणेकडे जाणारं मोठं टपाल विमान त्याच धक्क्याच्या दुसऱ्या टोकाला उभं होतं. वेंडेल आला. खांद्यावर एकच पिशवी. गावातला नऊ वर्षांचा संसार त्या पिशवीत मावला होता आणि तरी ती अर्धी रिकामी दिसत होती.

दोन विमानांच्या मध्ये तो उभा राहिला. सिग्ने दोरीकडे बघत राहिली. विचारणार नाही म्हटलं होतं, ती विचारत नव्हती. पण कान लाल झाले होते, त्याला ती तरी काय करणार?

"बाई," वेंडेल म्हणाला, "प्रवासी घेता का?"

"वजन किती?"

"एकशे साठ पौंड. झोप धरून दोनशे."

"उतरायचं कुठं?"

"जिथं कुणी उठवणार नाही तिथं." तो जरा घुटमळला. "भावाला पत्र टाकलंय. म्हटलं… वाळवंट कुठं पळून जात नाही. आणि टपालासाठी आता गावात आणखी एक पायलट आहे. आठवड्यातले तीन दिवस तिचे, तीन माझे."

"आणि सातवा?"

"सातव्या दिवशी दोघांनी झोपायचं," तो म्हणाला, आणि आपण काय बोललो ते कळून डोळ्यांपर्यंत लाल झाला. धक्क्याच्या त्या टोकाला लुसिंग मावशीनं कुत्र्याचे कान झाकले.

सिग्नेनं उजवीकडचं दार उघडलं.

धक्का सुटून डोंगर यायच्या आत तो झोपला. हवेत, तिच्या हातात विमान असताना, डोकं काचेला टेकवून. नऊ वर्षांत हवेत मिटलेले त्याचे ते पहिले डोळे. वाटेत वारा होता, दोन धक्के बसले, तो हललाही नाही. ओल्गा तळ्यावर उतरतानाही नाही. सिग्नेनं विमान वाळूला लावलं, दोर स्वतःच बांधला, बटाट्याची पोती स्वतःच उतरवली.

झोपडीच्या दारातून हाल्वर काठी टेकत आला. त्यानं इंजिनाच्या आवाजावरूनच मुलीला ओळखलं होतं. छाती फुगलेली होती, पण तसं कबूल करणाऱ्यातला तो नव्हता. तो विमानाजवळ आला, डोळे बारीक करून काचेतून आत बघत राहिला. आत लांबलचक देह वेडावाकडा पडलेला, तोंड उघडं, एक हात खाली लोंबकळतोय.

"हा वेंडेल ना?" म्हातारा हळू आवाजात म्हणाला. "मेला की काय गं?"

"नाही बाबा," सिग्ने म्हणाली. आपल्या अंगातलं जाकीट काढून तिनं त्याच्यावर घातलं. "राहतोय."